टॅग नंबर बी-३०४

मोठ्या सोसायटीत निवृत्तांचे तीन प्रकार पूर्वीपासून आहेत : योगासनं शिकवणारे, गीतेचा वर्ग घेणारे आणि लिफ्टच्या एएमसीवर डोळा ठेवणारे. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे. हे मुलांना रोबोट शिकवणारे आजोबा.

हे आजोबा बहुधा इन्स्ट्रुमेंटेशनवाले असतात. उमेदीची वर्षं तारापूर, पाताळगंगा, लोटे-परशुराम अशा ठिकाणी रासायनिक कारखान्यांत गेलेली. प्रेशर, टेम्परेचर, लेव्हल आणि फ्लो यांखेरीज जगात मोजण्यासारखं काही आहे, यावर विश्वास नाही. निवृत्त झाल्यावर आधी ते घरातली चालू असलेली यंत्रं दुरुस्त करतात. "आमच्या मिक्सरचं कमिशनिंग दिवाळीपासून चाललंय," असं काकू चारचौघांत म्हणू लागल्या की समजावं, आता हे रविवारी सकाळी क्लबहाउसात येणार. खांद्यावर चामड्याच्या पिशवीत मोटवानेचा काट्याचा मल्टिमीटर, खिशात टेस्टर, काखेत लॉगबुक. त्या क्षणापासून क्लबहाउस हे क्लबहाउस राहत नाही, त्याची 'साइट' होते.

साइटवर मुलांना नावं नसतात. कारखान्यात प्रत्येक उपकरणाला टॅग नंबर असतो. इथे फ्लॅटचा नंबर तेच काम करतो. "बी-तीनशे चार, सोल्डरिंगला हात लावायचा नाही. ए-सातशे दोन, नाक पूस." आमच्याकडच्या जुळ्या भावांची सोय त्यांनी 'सी-१०१ ए' आणि 'सी-१०१ बी' अशी लावली आहे. कारखान्यात जोडीनं बसवलेल्या पंपांना असंच म्हणतात. एक चालू, दुसरा स्टँडबाय. जुळ्यांच्या आईला हे कळल्यावर ती रागावेल असं वाटलं होतं. तिला वर्णन तंतोतंत वाटलं.

या सगळ्या संसाराचा कर्ता म्हणजे आर्डुइनो नावाचा तळहातात मावणारा निळा बोर्ड. त्याचा इतिहास सांगणं हे आजोबांच्या पहिल्या रविवारचं मंगलाचरण. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून तो बनवला, आणि त्याला नाव दिलं ते गावातल्या एका बारचं. बारला नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या राजाचं. "बार म्हणजे?" ए-७०२ नं विचारलं. मागे खुर्च्यांवर चार आया बसल्या होत्या. "राजाच्या नावानं काढलेलं उपाहारगृह," आजोबा म्हणाले आणि घाईघाईनं फळ्याकडे वळले.

हीच सोवळी वृत्ती वायरींच्या बाबतीत. जंपर वायरींच्या टोकांना बाजारात जी इंग्रजी नावं आहेत, ती चौथीतल्या मुलांपुढे उच्चारणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी 'टोकवाली' आणि 'भोकवाली' असं बारसं केलं. आता तपकीर गल्लीतल्या दुकानात जाऊन आमची मुलं "वीस टोक-भोक द्या" म्हणतात आणि दुकानदार मान वर न करता मोजून देतो.

लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस, हा त्यांच्या धर्माचा पाया. बी-३०४ ला जांभळा रंग आवडतो. तिच्या रोबोटात प्लस जांभळी, मायनस जांभळी, सिग्नलही जांभळा. आजोबा तिच्या सर्किटपाशी येतात, चष्मा काढून पुसतात, लावतात, पुन्हा बघतात. ते सर्किट चालतं, हे त्यांचं खरं दुःख.

त्यांचा दुसरा सल शून्याचा. कारखान्यात मोजमापाचा निरोप ४ ते २० मिलीअँपिअरच्या प्रवाहातून येतो. टाकी रिकामी असली तरी ४ येतात. शून्य आलं तर वायर तुटली असं समजायचं. इथे प्रकाश ओळखणाऱ्या एलडीआरवर हात ठेवून अंधार केला तरी आकडा शून्याकडे जातो आणि वायर निघाली तरी शून्य. "मग कळणार कसं?" असं ते मुलांना पोटतिडकीनं विचारतात. मुलं म्हणतात, "वायर हलवून बघायची." ही कार्यपद्धती कुठल्याही मॅन्युअलात नाही. तेव्हापासून एखादं पोर "समजलं का?" ला गप्प राहिलं, की आजोबा विचारतात, "काय रे, चार मिलीअँपिअर आहेत की वायर तुटली?"

दुसऱ्या बाजूला पैसे घेऊन चालणारे क्लास आहेत. तिथे दोन तासांत रोबोट तयार होतो, कारण तो आधीच केलेला असतो. मूल फक्त बटण दाबतं आणि 'भावी शास्त्रज्ञ' असं प्रमाणपत्र घेऊन घरी येतं. आजोबांकडे दोन तासांत बॅटरीचा व्होल्टेज मोजून होतो. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मोटरला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. मोटर सुरू होताच व्होल्टेज बसतो आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही एक गोष्ट कळायला त्यांच्या मुलांना महिना लागला. पण आता त्यांतलं कुणीही खेळणं बंद पडलं म्हणून रडत नाही, मल्टिमीटर मागतं. मला विचाराल तर फी न घेणाऱ्या आजोबांचा क्लास महाग आहे, आणि वसूलही आहे.

पुढचं प्रकरण अंतर मोजण्याचं. दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर खरं म्हणजे एक तोंड आणि एक कान. तो सेकंदाला ४०,००० कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी कधी येतो ते बघतो. आलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ नं भागलं की सेंटिमीटर. ५८ का, हे बी-३०४ नं विचारलं. आवाजाला एक सेंटिमीटर जायला साधारण २९ मायक्रोसेकंद आणि यायला २९, हे सांगताना आजोबांचा चेहरा असा उजळला, की काकूंनी तो लग्नातसुद्धा पाहिला नसेल.

रोबोट स्टीलच्या कपाटापुढे नम्रपणे थांबला. भिंतीपुढे थांबला. मग कोपऱ्यात लोकरीची शाल पांघरून बसलेल्या ए-विंगच्या आजींना सरळ जाऊन धडकला. मऊ लोकर आवाज पिऊन टाकते, प्रतिध्वनी पुरेसा परतत नाही, रोबोटाला रस्ता मोकळा वाटतो. आजोबांनी हे सविस्तर समजावलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या यंत्रालासुद्धा मी दिसत नाही."

मोटरींचा प्रश्न निराळा. पिवळ्या बीओ मोटरी एकाच पाकिटातून काढल्या तरी सारख्या फिरत नाहीत, आणि रोबोट डावीकडे ओढतो. आजोबांनी दहा फेऱ्या, दहा नोंदी आणि सरासरी असा कार्यक्रम आखला. नोंद तिसरीवर असताना सी-१०१ बी नं, म्हणजे स्टँडबायनं, उजव्या मोटरीचा वेग २५५ वरून २३० केला. रोबोट नाकासमोर गेला. "२३० कुठून आणलेस?" "असंच." आजोबांनी लॉगबुकात 'असंच' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

त्यांचं ब्रीदवाक्य मात्र सोळा आणे खरं आहे : "ग्राउंड कॉमन केलंय का?" बोर्ड लॅपटॉपवर आणि मोटर वेगळ्या बॅटरीवर चालत असेल, तर दोघांचे मायनस एकमेकांना जोडावे लागतात, नाहीतर एकाचा हुकूम दुसऱ्याला कळत नाही. दहातले निम्मे रोबोट एवढ्यावरून अडतात. अडचण एवढीच, की पार्किंगच्या भांडणातही आजोबा भर सभेत उभे राहून हेच विचारतात आणि दोन्ही पक्ष एकदम त्यांच्यावर उखडतात. ग्राउंड तेवढ्यापुरतं कॉमन होतं.

गणपतीत मुलांचा कार्यक्रम ठरला. काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट मोदक घेऊन बाप्पापर्यंत जाणार. पांढरा पृष्ठभाग इन्फ्रारेड किरण परतवतो, काळी पट्टी ते शोषते, त्यावरून सेन्सर वाट ओळखतो. ट्रायल क्लबहाउसात निर्विघ्न पार पडली. मांडवात दोन हॅलोजन लावले होते. हॅलोजनमध्ये इन्फ्रारेडचा महापूर असतो. सेन्सरला सगळीकडे पांढरंच दिसायला लागलं. रोबोटानं पट्टी सोडली, वळसा घातला आणि मोदक सेक्रेटरींच्या चपलेपाशी पोचवला.

आजोबांनी शटडाऊन जाहीर केला. मूळ कारण शोधण्यासाठी लॉगबुक उघडून ते रकाने आखू लागले. तोवर बी-३०४ नं आरतीच्या ताटामागचा उदबत्तीचा रिकामा पुडा उचलला, त्याच्या पुठ्ठ्याची झालर कापली, सेन्सरभोवती जांभळ्या चिकटपट्टीनं चिकटवली आणि रोबोट सोडला. तो पट्टीवरून सरळ बाप्पासमोर जाऊन उभा राहिला. टाळ्या झाल्या.

"ड्रॉइंग कुठाय?" आजोबांनी विचारलं. ड्रॉइंग नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, झालर चारी बाजूंनी पाहिली, मग लिहिलं : 'मॉडिफिकेशन क्र. १. आयआर सेन्सरला शील्ड.' मटेरियलच्या रकान्यात जरा थबकून 'उदबत्तीचा पुडा' लिहिलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"अप्रूव्ड बायच्या पुढे सही कर."

सही तिला येत नव्हती. तिनं जीभ बाहेर काढून वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. खाली इयत्ता चौथी, तुकडी ब, हजेरी क्रमांक.

आजोबांनी ते दोनदा वाचलं. "तारीख राहिली," म्हणाले.