कल्पित फील्ड मार्शल, मनमाडमार्गे

कल्पित राज्यांच्या फील्ड मार्शलचं चरित्र ठरीव असतं. तिशीच्या आत हुद्दा, गालावर व्रण, दर प्रकरणात एक लढाई.

खऱ्या जगात हे पद हात आखडून दिलं जातं. भारतीय लष्करात आजवर दोघेच त्याचे मानकरी. सॅम माणेकशॉ यांना ते १९७३च्या जानेवारीत मिळालं, त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. करिअप्पांना मिळालं १९८६ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर तब्बल ३३ वर्षांनी!

मनमाडजवळचा अंकाई-टंकाई किल्ला तर अशा चरित्रकारांची पंचाईतच करतो. उभे कडे, ओळीने दरवाजे, कोरीव लेणी; नेपथ्य सगळं तयार. पण १८१८च्या एप्रिलमध्ये कर्नल मॅकडॉवेलची फौज पायथ्याशी आली आणि किल्ला न लढताच इंग्रजांच्या हाती गेला. आता यात शौर्याची तीन प्रकरणं कुठून काढायची?

शिवाय कल्पित फौजा जेवत नाहीत. हजार कोस चालतात, पण पोत्यांचा हिशेब कुणी विचारत नाही. मनमाडला अन्न महामंडळाची गोदामं आहेत, पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत आणि मुंबई, भुसावळ, दौंड, छत्रपती संभाजीनगर अशा चारही दिशांना रूळ फुटतात. युद्धाचा निम्माअधिक कारभार इथेच उरकेल, फक्त त्याचं मुखपृष्ठ होणार नाही.

त्या शूर मार्शलला एकदा मनमाडला पाठवावंच. शहराला पाणी देणारं वागदर्डी धरण आटलेल्या मे महिन्यात, नळाला पाणी नक्की कोणत्या दिवशी येणार, एवढंच त्याने रांगेतल्या बायकांना सांगावं.