कात्री कुणी पाहिली?

(रंगमंचावर मधोमध पुठ्ठ्याचं रिकामं खोकं. शेजारी जुन्या वर्तमानपत्रांची चळत, खाकी टेपचं रीळ, सहा कपबश्या, एक पितळी तांब्या आणि लाल मुठीची कात्री. कलाकार येतो, खोकं उलटं करतो, तळाच्या फटीवर आडवी-उभी टेप मारतो, कात्रीने कापतो आणि कात्री खाली ठेवतो. कुठे ठेवली ते प्रेक्षकांनी नीट बघून ठेवावं. त्याचं लक्ष नाही.)

विलेपार्ले पूर्वेला एक चार मजली इमारत होती. 'होती' म्हणजे, आता तिथे चौदा मजली आहे. जुनीत चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर नाना आणि माई. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा पंधरा वर्षं चालली होती. मग 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आला. 51 टक्के सभासदांची संमती असली की पुरे! नाना उरलेल्या 49 टक्क्यांतले.

बिल्डर भाडं देणार, सामान हलवायचे पैसे देणार. पण पार्ल्यात भाड्याने मिळाल्या दोन खोल्या, आणि सामान चाळीस वर्षांचं. सूनबाईंनी तोडगा काढला : सेल्फ स्टोरेज. गोदामात आपल्या नावाची एक खोली, चौरस फुटावर महिन्याचं भाडं.

नानांनी विचारलं, "सामान कोणाचं?"

"आपलं, बाबा."

"बांधायचं कोणी?"

"आपण."

"कुलूप?"

"आपलंच."

"मग त्यांचं काय?"

"जागा."

नाना गप्प बसले. मुंबईत या उत्तरापुढे कोणीही गप्प बसतं.

(खोकं उचलून प्रेक्षकांना दाखवतो.)

पहिलं भांडण खोक्यावरून. नाना वाण्याकडून बिस्किटांची आणि तेलाच्या पिशव्यांची खोकी घेऊन आले. फुकट! सूनबाईंनी एक उघडून दाखवलं. कोपऱ्यात झुरळाची अंडी. म्हणजे नाना नुसती खोकी आणत नव्हते, भाडेकरूसकट आणत होते. शिवाय तेल प्यायलेल्या पुठ्ठ्याला दम नसतो. वर दुसरं खोकं ठेवलं की खालचं गुडघे टेकतं. शेवटी विकतची आणली. कपड्यांना थ्री-प्लाय, भांड्यांना फाइव्ह-प्लाय. या पुठ्ठ्याच्या पोटातला नागमोडी कागद 1856 मध्ये इंग्लंडमध्ये जन्माला आला तो खोक्यासाठी नव्हे, साहेबाच्या उंच हॅटच्या आतल्या अस्तरासाठी. नाना म्हणाले, "म्हणजे डोक्यावरून उतरून आपल्या माळ्यावर आला."

मग आला बबल रॅप. त्याची कथा त्याहून वरची. 1957 मध्ये न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शवान या दोघांनी प्लॅस्टिकचे दोन पडदे चिकटवले, मधे हवेचे फुगे राहिले. ते म्हणाले, भिंतीला लावू, नवा वॉलपेपर! कोणी लावला नाही. पुढे आयबीएमचे 1401 कॉम्प्युटर गुंडाळून पाठवायला तो वापरला गेला आणि त्याचं नशीब फळफळलं. नानांच्या घरी तो वीस मीटर आणला होता. त्यातले चार मीटर नातवाने पहिल्याच दुपारी फोडले. राहिलेल्यातले दोन मीटर रात्री नानांनी. सगळे झोपल्यावर.

(खाली बसतो. वर्तमानपत्राचे बोळे करून खोक्याच्या तळाशी भरतो.)

आता कपबश्या. हे नीट बघा, फुकट शिकवतोय. तळाला चार बोटं बोळे. बशी घ्यायची, गुंडाळायची, आणि उभी ठेवायची. आडवी नाही, उभी! थाळ्या स्टँडमध्ये लावतो तशी. आडव्या बश्यांची चळत केली की वरच्यांचा सगळा भार खालचीच्या मध्यावर येतो आणि पहिल्या खड्ड्यालाच ती जाते. उभी बशी कडेवर भार घेते. आणि पांढऱ्या चिनी मातीला आधी कोरा कागद, मग वर्तमानपत्र. नाहीतर छपाईची शाई उठते. माईंच्या एका बशीवर आजही उलट्या अक्षरांत 'वधू पाहिजे' असं वाचता येतं.

(कपबश्या एकेक गुंडाळून खोक्यात ठेवतो. वर्तमानपत्र उचलताना त्याखालची कात्रीही उचलली जाते आणि बोळ्याबरोबर आत जाते. कलाकार बोलतच असतो.)

कप भरले, फटीत बोळे कोंबले, झाकण लावलं, की परीक्षा. खोकं उचलून हलवायचं. खुळखुळलं नाही, तर पास. खुळखुळलं, तर पुन्हा उघडा. टेप लावायची ती त्यानंतर... (आजूबाजूला बघतो) ...कात्री कुठे आहे? असो. राहू दे.

नानांच्या घरी हाच प्रश्न खोकं क्रमांक चारला पडला. "कात्री कुणी पाहिली?" कोणीच नाही. नवी आणली.

स्टीलच्या भांड्यांची यादी करायला सूनबाई लॅपटॉप घेऊन बसल्या. माई म्हणाल्या, "यादी कशाला? भांड्यांवरच आहे ना!" खरंच होती. आपल्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक पातेल्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. सूनबाई एकेक वाचत गेल्या, आणि प्रत्येक वाटीला माईंची टीप. "ही दादरच्या आत्यांची. पातळ आहे, पण मन मोठं." "हा डबा नानांच्या साहेबांचा. झाकण कधीच बसलं नाही." एका संध्याकाळी भांडी बांधून झाली तीन, आणि नातेवाइकांची चौकशी झाली चाळीसची.

(तांब्या उचलतो, उलटा करतो. एक थेंब पडतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

हा थेंब बघितलात? सामानाचा खरा शत्रू हा. आदळआपट नव्हे, ओल. पार्ल्याला खेटून असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो. 26 जुलै 2005 ला तर एका दिवसात 944! त्या दिवशी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचं गहू-तांदळासकट सगळं नानांच्या घरी वर आलं होतं. म्हणून गोदाम बघायला गेल्यावर नानांनी भाडं नंतर विचारलं. आधी विचारलं, "खोली कितव्या मजल्यावर? आणि 2005 ला इथे पाणी कुठवर होतं?" अख्ख्या प्रकरणातला सर्वांत शहाणा प्रश्न तो.

खोली पहिल्या मजल्यावरची मिळाली. तरीही फरशीवर लाकडी फळ्यांचे पॅलेट टाकले, भिंतीपासून चार बोटं जागा सोडली, मधून एका माणसापुरती वाट ठेवली. लाकडी कपाटाला जुन्या चादरी गुंडाळल्या. नानांना प्लॅस्टिक करकचून गुंडाळायचं होतं, पण लाकडातला ओलावा मग बाहेर पडायला जागा शोधतो, सापडत नाही, आणि आत बुरशी धरते. पलंगाचे स्क्रू काढले, पिशवीत घातले, आणि ती पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटवली. नाहीतर सहा महिन्यांनी हातात आठ स्क्रू असतात आणि ते कशाचे, हे देवालाही ठाऊक नसतं.

मोठ्या यंत्रांचे लाड निराळे. फ्रिज एक दिवस आधी बंद केला, बर्फ वितळू दिला, पुसून कोरडा केला. कायम उभाच न्यायचा, आणि ठेवताना दारात फडक्याची घडी अडकवून ते किलकिलं ठेवायचं. दार गच्च लावलेला फ्रिज महिन्यांनी उघडला तर पहिल्या श्वासातच पुनर्विकासाचा पश्चात्ताप होतो. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं. त्याचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून कंपनी नवीन मशीनबरोबर लांब बोल्ट देते. "ते जपून ठेवा," असं तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता. नानांनी इतके जपून ठेवले होते, की सापडायला चार दिवस लागले.

गॅसचा सिलेंडर गोदामात चालत नाही. तो एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. इन्व्हर्टरची बॅटरी नाही, रॉकेल नाही, धान्य नाही. माई म्हणाल्या, "लोणच्याची बरणी?" तीही नाही. "तीन वर्षं मुरली असती," माई हळहळल्या.

(उठतो. काल्पनिक तसबीर दोन्ही हातांत धरतो.)

आणि हे नानांचे आजोबा. काचेची तसबीर. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची, म्हणजे फुटली तरी तुकडे जागचे हलत नाहीत. नानांनी मारली, आणि मग बघत बसले. आजोबा चुकलेल्या उत्तरासारखे दिसायला लागले. वर हमालाने तसबीर आडवी ठेवली. काच आडवी ठेवायची नसते, उभीच न्यायची. नाना गरजले, "आजोबांना आडवं करायचं नाही! ते एकदाच झालेत!"

पैठणीवरून मात्र घरात खरी चकमक झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, यावर एकमत. धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळायची, आणि अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर जर घडीवरच तुटते. पण कसरीला काय घालायचं? माईंनी कापराची वडी ठेवली. सूनबाईंनी, माईंना न सांगता, नॅफ्थलीनच्या गोळ्या. आता नॅफ्थलीन वितळतं 80 अंशांना. कापूर तर 175 च्याही पुढे. दोघीही आपापल्या जागी घट्ट... दोन्हीही म्हणायचं होतं मला. पण ही दोन द्रव्यं एकमेकांना चिकटली की मिश्रण तिशीच्या आसपासच वितळायला लागतं. मुंबईचा मे महिना! डबा उघडला तेव्हा मलमलीवर तेलकट डाग. पैठणी वाचली, कारण मलमलीचे दोन पदर होते. तेव्हापासून घरात ठरलं : जे काही घालायचं, ते एकीनेच घालायचं आणि वेगळ्या पुरचुंडीत बांधून घालायचं.

(खोक्यावर बसायला जातो. आठवतं. बसत नाही.)

पुस्तकं. पुस्तकांना लहान खोकं. नानांनी मोठं घेतलं, गच्च भरलं, आणि दोन हमालांनी उचलल्यावर खोकं वर गेलं, तळ खालीच राहिला. त्यात नानांचे दिवाळी अंक. 1909 ला 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. नानांकडे अंक 1974 पासूनचे, पण अभिमान 1909 पासूनचा. बाकी सगळी खोकी मे महिन्यात गेली. अंक मात्र "एकदा चाळून मग बांधतो" म्हणत नाना जुलैपर्यंत चाळत बसले. आणि धो धो पावसात, खिडकी उघडी ठेवून, चहा पीत त्यांनी ते खोकं भरलं आणि चारही बाजूंनी टेप मारली.

हवाबंद!

अहो, पण कुठली हवा बंद केली? पार्ल्याची, जुलैची! गोदामात पाण्याचा थेंब आला नाही. ओल नानांनी इथूनच भरून पाठवली होती. अंकांतली रंगीत पानं गुळगुळीत आर्ट पेपरची. असला कागद दमट झाला की पानाला पान चिकटतं आणि मग वीट होते. परत आल्यावर नानांनी 1986 चा एक अंक उघडला, तर सगळी रंगीत पानं एकदम उघडली. म्हणजे उघडलीच नाहीत. सिलिका जेलची पुडी सूनबाईंनी दिली होती, पण तिच्यावर 'खाऊ नये' एवढंच वाचून नानांनी ती फेकली होती.

या सगळ्यात कात्र्यांचं सांगायचं राहिलं. भांड्यांत दुसरी गेली. पुस्तकांत तिसरी. चौथी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंची. "पाच मिनिटांत आणून देते," असं सांगून माईंनी आणली होती. मग काकू कांदिवलीला भाड्याने राहायला गेल्या आणि रोज फोन करायच्या. खुशाली विचारायला नव्हे.

प्रत्येक खोक्याच्या बाजूवर क्रमांक. वर नाही, बाजूवर. एकावर एक रचल्यावर वरचं कोणाला दिसतं? क्रमांकापुढे आत काय आहे ते यादीत, आणि यादीचा फोटो तिघांच्या फोनमध्ये. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, करारनामा आणि दागिने गोदामात नाहीत, ते बँकेच्या लॉकरमध्ये. देव माईंच्या मांडीवर, टॅक्सीत. एकूण खोकी एकसष्ट. साठांवर चोख लिहिलेलं. एकसष्टाव्यावर नानांच्या अक्षरात एकच शब्द : 'इतर'.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, इतर म्हणजे काय?"

"म्हणजे ज्याचं काय करायचं ते ठरलं नाही ते."

अडीच वर्षांनी चौदा मजली इमारत उभी राहिली. लिफ्टसकट. एकसष्टच्या एकसष्ट खोकी नवव्या मजल्यावर आली. घरातली सगळी माणसं भोवती जमली. खोक्यांवर टेप. आणि नाना म्हणाले...

(प्रेक्षकांकडे कान लावून थांबतो.)

...बरोबर. म्हणून सांगतो, मंडळी, एक पिशवी स्वतःजवळ ठेवा. तिच्यात कात्री, स्क्रू ड्रायव्हर, एक बल्ब, चहा-साखर आणि पातेलं. ती गोदामात नाही, ट्रकमध्ये नाही, खांद्यावर. नानांनी पहिलं खोकं नव्या घराच्या किल्लीने फोडलं. मग 'इतर' सोडून एकामागून एक सगळी उघडली. फुटलं काय? एक बशी आणि मिक्सरच्या भांड्याचं झाकण. बिघडले काय? नानांचे दिवाळी अंक. आणि निघाल्या काय? सात कात्र्या. त्यातली चौथी दुसऱ्या दिवशी काकूंना परत केली.

'इतर' अजून तसंच आहे. बाल्कनीत.

(खोक्याचं झाकण लावतो. टेप दाताने तोडून चिकटवतो. खोकं उचलतो, अभिमानाने प्रेक्षकांना दाखवतो.)

आता परीक्षा.

(हलवतो. आतून स्पष्ट खुळखुळ ऐकू येते. कलाकार थबकतो. पुन्हा हलवतो. पुन्हा खुळखुळ. हळूच खिसे चाचपतो, खाली बघतो, मग प्रेक्षकांकडे.)

आठवी.

(अंधार.)