मूठ आवळून

बाइकच्या हँडलवर दोन रबरी मुठी चढवायच्या, त्यात काय एवढं, असं दुकानदार म्हणतो. घरी आल्यावर कळतं, की डावी मूठ साधारण 22 मिलिमीटरच्या उघड्या पाइपवर बसते आणि उजवी एक्सलेटरच्या प्लास्टिक नळीवर. म्हणून उजवीचं भोक मोठं. अदलाबदल झाली, की एक चढत नाही आणि दुसरी जागेवर राहत नाही.

मग सोसायटीतले जाणकार जमतात. साबणाचं पाणी लावा म्हणाले. लावलं. मूठ लोण्यासारखी आत गेली आणि पहिल्या पावसात तशीच बाहेर निघाली, क्लच दाबलेला असताना. दुसऱ्याचं मत हेअरस्प्रे: ओला असताना सरकतो, वाळला की धरतो. (उपाय खरा आहे; पण घरात बाटली कुणाची संपली, हा तपास अजून चालू आहे.) मोटोक्रॉसवाले तर वरून बारीक तारेचे वेढे देतात.

शेवटी ग्रिपचा खास डिंक आणला. सूचना एकच: रात्रभर वाळू द्या. आम्ही वीस मिनिटं धीर धरला. त्यात उजवीकडे डिंक ओघळला, आणि टपरीपाशी एक्सलेटर सोडला तरी परत येईना. मूठ मात्र जराही हलली नाही.