कुंपणापलीकडची अ तुकडी

"काकू, ऐकलंत का? टेस्लावाल्यांच्या रियाला सातवीचं गणित दिलं! पोरगी जाणार सहावीत, आणि गणिताला बसणार सातवीच्या पोरांत."

शैलाकाकू पलीकडे कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होत्या. आमच्या दोन घरांमधलं लाकडी कुंपण माणसापेक्षा उंच आहे, पण त्यातली एक फळी निखळलीय आणि दोन्हीकडचे नवरे ती दिवाळीपासून 'या वीकेंडला' बसवताहेत. सॅन होजेतला आमचा सगळा व्यवहार त्या फटीतून चालतो. लिंबं इकडून तिकडे, कढीपत्ता तिकडून इकडे, आणि बातम्या दोन्हीकडून.

"मग चांगलं की," काकू म्हणाल्या. "हुशार असेल पोर."

"हुशार आहेच हो. पण मागे मी विचारलं, क्लास लावलाय का, तर म्हणे, छे गं, आम्ही काहीच करत नाही, ती आपली आपण करते. आणि दर मंगळवारी-गुरुवारी यांची गाडी कुठे उभी? रशियन मॅथच्या दारात!"

"रशियन? इथे अमेरिकेत?"

"मग! सोव्हिएत युनियनमधून आलेल्या दोघी बायकांनी १९९७ मध्ये बोस्टनजवळ न्यूटनला काढला. आता जिथे आपली आणि चिनी मंडळी जास्त, तिथे शाखा आहेच."

काकूंचा चेहरा खुलला. मिरजेला जन्मभर गणित शिकवलेली बाई. "आमच्याकडे ती मीर प्रकाशनाची पुस्तकं यायची गं, स्वस्त आणि जाडजूड. पेरेलमानचं मी घेतलेलं, अजून माळ्यावर असेल. पण त्यात घाई कुठे होती? एकेका कोड्यावर आठवडा जायचा."

"इथे आठवडा घालवला तर गाडी सुटते, काकू. उलटं मोजा. बारावीत कॅल्क्युलस हवं, कॉलेजच्या अर्जात ते दिसलं पाहिजे. म्हणजे अकरावीत प्रीकॅल्क्युलस, दहावीत अल्जिब्रा टू, नववीत जॉमेट्री. मग अल्जिब्रा वन कधी? आठवीत. पण सरळ रस्त्यानं गेलं तर अल्जिब्रा येतं नववीत. म्हणून मधे कुठेतरी एका वर्षाची उडी मारायची, आणि ती कोण मारणार हे पाचवी संपता संपताच ठरतं."

"म्हणजे पोरगी दहा-अकरा वर्षांची आणि तुम्ही तिच्या बारावीचा हिशेब लावून बसलात."

"आम्ही नाही हो, सगळेच." (हे मी जरा घाईनेच म्हटलं.)

"आणि ठरवतं कोण? बाई?"

इथे मला जोर चढला, कारण माझ्या लेकीचे, इराचे, दोन मार्क कमी पडले होते. "चार गोष्टी बघतात. राज्याच्या परीक्षेचा निकाल, तोही चौथीचा, कारण पाचवीचा उन्हाळ्यात येतो. मग शाळेतली ती कॉम्प्युटरवरची मॅप टेस्ट, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. मग बाईंनी दिलेली ग्रेड. आणि मे महिन्यात एक प्लेसमेंटची परीक्षा. सगळ्यांचे गुण एका तक्त्यात घालतात, वर एक रेघ मारतात. रेघेच्या वर ते अ‍ॅक्सलरेटेड, खाली ते रेग्युलर."

"अगं, मग ही आमची अ तुकडीच की!" काकू खुरपं ठेवून फटीजवळ आल्या. "पाचवीला मुलं आली की चौथीच्या मार्कांवरून आम्ही याद्या करायचो. अ, ब, क, ड. बोर्डावर लावल्या की सगळ्या गल्लीत बोभाटा. मुख्याध्यापकांचा पुतण्या तेवढा न चुकता अ तुकडीत, बाकी सगळं मार्कांवर. ड तुकडीच्या पोरांना तर मास्तरच 'ए ड' म्हणून हाक मारायचे. वाईटच होतं ते. पण एक होतं बघ. पुस्तक सगळ्यांना बालभारतीचं एकच. दहावीला पेपर एकच. ड मधल्या पोरानं मनावर घेतलं तर ते अ मधल्या पोरापेक्षा जास्त मार्क आणू शकायचं, आणि आणायचंही एखादं. तुमच्याकडे पुस्तकच वेगळं. एकदा खाली राहिलं की वर चढायला जिना कुठाय?"

यावर मी काय बोलणार? जिना आहे, पण तो कुठे आहे ते सांगत नाहीत. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा असते. तिचा अर्ज शाळेच्या पोर्टलवर, बातमीपत्राच्या तळाशी, पिझ्झा नाइट आणि हरवलेल्या स्वेटरांच्या खाली. शेवटची तारीख शुक्रवार. मला ती बसस्टॉपवर एकीनं सांगितली, तिला तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली.

"यावर काही कायदाबियदा नाही का गं?"

"आहे ना! रात्री जागून वाचलाय मी. २०१५ चा, कॅलिफोर्नियाचा. झालं काय होतं, की इथल्याच आसपासच्या शाळांत आठवीत अल्जिब्रा चांगलं पास झालेल्या कितीतरी मुलांना नववीत पुन्हा अल्जिब्रालाच बसवलेलं आढळलं. आणि त्यात काळी आणि लॅटिनो मुलं जास्त. मग कायदा आला. नुसतं बाईंच्या मतावर भागवायचं नाही, एकाहून जास्त मापं लावायची, वर्ष सुरू झालं की पहिल्या महिन्यात पुन्हा तपासायचं की मूल बरोबर वर्गात बसलंय का, आणि आईबापांना दाद मागायची सोय ठेवायची. सगळं लिहून वेबसाइटवर टाकायचं."

"शहाण्यासारखा कायदा आहे."

"शहाणा आहे, पण नववीत जाणाऱ्यांसाठी! सहावीसाठी सक्ती नाही. आणि नववीचं नशीब सहावीतच ठरलेलं असतं."

काकू हसल्या. मला ती पहिल्या महिन्याची तपासणी सगळ्यात पटली होती, खरं तर तेवढी एकच. मूल वर्गात बसल्याशिवाय कळतं का ते कुठे अडतंय?

"यापेक्षा सगळ्यांना एकत्रच का नाही बसवत?" काकूंचा पुढचा प्रश्न.

"बसवून पाहिलं की. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी. २०१४ पासून आठवीतलं अल्जिब्रा बंदच, सगळ्यांना नववीत. हेतू चांगला होता, भेदभाव नको म्हणून. मग ज्यांना परवडतं त्यांनी बाहेर कोर्स करून घेतले, ज्यांना नाही ते बसले वाट बघत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये आकडे काढले, तर वरच्या गणितात कोण पोचतं यातली दरी होती तशीच. शेवटी मार्च २०२४ मध्ये लोकांचं मत घेतलं, आठवीत अल्जिब्रा परत आणा म्हणून, आणि ८० टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. तेही नुसतं सल्ल्यापुरतं मतदान. अल्जिब्रासाठी मतपेटी, काकू!"

"आमच्याकडे मतदानाला शाळा घेतात, तुमच्याकडे शाळेसाठी मतदान घेतात," काकू म्हणाल्या. "आणि दुसरीकडे कुठे काय?"

"माझी नणंद टेक्ससला आहे ना, फ्रिस्कोला. तिथे २०२३ मध्ये उलटाच कायदा झाला. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत मूल आलं की सहावीत त्याला आपोआप वरच्या वर्गात घालायचं. नको असेल तर आईबापांनी तसं लिहून द्यायचं. मागायला नको, अर्ज नको, बसस्टॉपवर कानावर यायला नको."

हे मला नणंदेनं सांगितलं तेव्हा फार लागलं होतं, कारण तिच्याकडचं काही चांगलं म्हणायची माझी तयारी नसते. पण हे चांगलं आहे. दार उघडंच ठेवायचं. ज्याला आत यायचं नाही त्यानं तसं सांगावं.

"बरं, तुझी इरा खरंच कच्ची आहे का, ते तर बघू," काकू म्हणाल्या, आणि हाक मारली. इरा आमच्या ड्राइव्हवेवर कोपऱ्यावरच्या घरातल्या दिएगोबरोबर खडूनं काहीतरी रंगवत होती. दोघंही आली. काकूंनी इंग्रजीतच विचारलं, "पाऊण किलो साखर आहे. पाव-पाव किलोच्या पुड्या बांधायच्या. किती होतील?"

इरानं तोंडातल्या तोंडात "कीप, चेंज, फ्लिप" म्हटलं, हवेत बोटानं तीन छेद चार लिहिलं, एक छेद चार उलटं केलं, गुणलं, बारा छेद चार, म्हणाली, "तीन." दिएगोनं जमिनीवर एक चौकोन काढला, त्याचे चार तुकडे केले, एक पुसला आणि उरलेल्यांकडे बघून म्हणाला, "थ्री. ते दिसतंच आहेत."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी नजर कढीपत्त्यावर नेली. पावकी-निमकी-पाऊणकी घोकून मोठ्या झालेल्या बाईपुढे कीप-चेंज-फ्लिपचं काय कौतुक?

"आता दुसरं. शंभर डॉलरचा शर्ट. दुकानदारानं वीस टक्के कमी केले, मग वीस टक्के वाढवले. किती झाला?"

"शंभर!" दिएगो लगेच.

"शहाण्णव," इरा म्हणाली. "वाढवले ते ऐंशीवर ना." दिएगो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग "ओह" म्हणाला आणि स्वतःच ऐंशीचे वीस टक्के काढून बघितले.

मुलं गेली. काकू म्हणाल्या, "दोघांना एका बाकावर बसवलं असतं मी. याला तिचं कळेल, तिला याचं. तो कुठल्या वर्गात?"

"रेग्युलरमध्ये. त्यानं मे महिन्यातली ती परीक्षा दिलीच नाही. त्याच्या आईला वाटलं, बोलावलं तरच द्यायची असते. दोन-दोन नोकऱ्या करते बिचारी, पोर्टल कधी उघडणार?"

"आणि शुक्रवारचं तिला माहीत आहे?"

मी लिंबाकडे बघत बसले.

"स्मिता, तू सांगितलंस का तिला?"

"मी... म्हणजे, सांगणार होते. जागा किती असतात ते माहीत नाही ना, काकू. तीसच मुलांचा वर्ग असतो."

काकू काही बोलल्या नाहीत. खुरपं कुंडीत खोचलं, साडीचा पदर खोचला, हात झटकले. आणि मग फटीतून पोर्टलचा तो फोटो मागितला, मी फोनवर काढून ठेवलेला. "स्पॅनिश येत नाही मला. पण तारीख वाचता येते सगळ्यांना. चल, तुझा फोन आण. आणि येताना दोन लिंबं पण घे तिच्यासाठी, रिकाम्या हातानं काय जायचं."