अधांतरी बिऱ्हाड

मुंबईत कुठलाही वाद शेवटी जागेवर येतो. सायकलवरच्या भटकंतीत तंबू न्यावा की हॅमॉक, म्हणजे आपली झोळी, हा वादही तिथेच निकालात काढावा. तंबूला निदान एका गादीइतका कार्पेट एरिया लागतो, तोही सपाट, कोरडा आणि मुंग्यांनी आधी बळकावलेला नसलेला. झोळीला जमीन शून्य. ती निव्वळ एफएसआय आहे. बोरिवलीहून फेरीबोटीत सायकल चढवून खाडीपलीकडे गोराईला उतरणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. किनाऱ्याच्या भुसभुशीत वाळूत तंबूच्या खुंट्या ठोकाव्यात आणि वाऱ्याने त्या अलगद उपटाव्यात, असा खेळ चालतो. त्यावर उपाय म्हणजे पिशव्यांत वाळू भरून त्या पुरणं, थोडक्यात सुट्टीच्या दिवशी गवंडीकाम. त्यात दमट हवेमुळे आपलाच श्वास रात्रभर कापडाला आतून चिकटतो आणि पहाटे आपल्याच अंगावर ठिबकतो. झोळीत वारा खालूनही लागतो. हिमालयात त्याने पाठ गारठते म्हणून लोक कुरकुरतात. मे महिन्यातल्या गोराईत त्यालाच चैन म्हणतात.

यावर तंबूवाले विचारतील, झाडं नसली तर? गोराईला सुरू आहेत, माड आहेत, त्यामुळे प्रश्न झाडांचा नाही, निवडीचा आहे. माडाखाली झोळी बांधू नये. नारळ पडताना खाली कोण घोरतंय ते बघत नाही. बारीक खोडालाही बांधू नये, आणि झोळी पलंगासारखी ताठ ओढण्याचा मोह तर टाळावाच. दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरीवर सत्तर किलोचाच ताण येतो; कोन दहा अंशांवर आणला की तोच ताण दोनशे किलोंवर जातो. माणूस तेवढाच, पण झाडाला मात्र तिघे लटकल्यासारखं वाटतं. नऊवारीची झोळी बांधणाऱ्या आज्या ती सैल का सोडत, हे त्रिकोणमितीवाचूनही त्यांना कळत होतं. वजनाचा मुद्दा मात्र तंबूवाल्यांना द्यायला हवा: मच्छरदाणी, पावसाचं कापड आणि पट्टे धरले की झोळीचा हलकेपणा बराचसा दुकानातच राहतो. मच्छरदाणी वगळण्याचा विचारही करू नये, बाजूला खारफुटी आहे. आणि नवराबायको एका झोळीत झोपतील ही कल्पना फक्त जाहिरातीत टिकते.

उरला एकच खरा आक्षेप: ती झाडं कुणाच्या तरी वाडीतली असतात. आधी मालकाला विचारावं. तो नाही म्हणाला तर शेवटची बोट कितीला सुटते तेही त्यालाच विचारावं. ती चुकलीच, तर उत्तनवरून भाईंदरला जाणारा रस्ता आहे आणि सायकल जवळ आहेच.