येतंय आपलं

मराठवाड्यात माणसं म्हैस पाळतात, कुत्रं पाळतात, भावकीतलं वैरसुद्धा पाळतात. मांजर मात्र कुणी पाळत नाही. ते ‘येतंय आपलं’. लातुरात आमच्या शेजारी राहणारे मुनीमकाका म्हणजे या ‘येतंय आपलं’वाल्यांचे मुकुटमणी. त्यांचा उभा जन्म मार्केट यार्डात आडतीवर गेला. तुरीच्या कट्ट्यांना उंदीर लागतो, म्हणून आडतीवर मांजर असायचं. त्याचं दूध कीर्दीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून पडायचं. खर्च लिहायचा पण मांजराचं नाव वहीत येऊ द्यायचं नाही, हे वळण काकांना तिथूनच लागलं असावं.

गेल्या पावसाळ्यात एका मांजरीनं त्यांच्या जिन्याखालच्या बारदान्यात दोन पिलं घातली. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. हिनं पिलं जराशी खातीपिती झाल्यावर ती पहिल्याच घरात ठेवली आणि उरलेली सहा घरं एकटीच फिरायला गेली. काकांनी जाहीर केलं, “पोत्यात घालून यार्डात सोडून येतो.” आधी पोतं सापडेना. पोतं सापडलं तर पाऊस उघडेना. पाऊस उघडला तोवर घरी अर्धा लिटर दूध जास्त यायला लागलं होतं, आणि काकांच्या डायरीत ते ‘चहापाणी’ या नावानं पडत होतं.

नावाचं विचारलं तर म्हणाले, “नाव कशाला ठेवायचं मास्तर? आपलं हाय का ते?” म्हणून त्यातल्या दांडग्याला नुसतं ‘बोक्या’ म्हणायचं आणि उरलेल्याला ‘हे दुसरं’.

बोक्याला पायजम्याच्या नाडीचं वेड. त्यामुळे काका दारात कुणाशीही बोलताना एक हात कमरेवर ठेवून उभे असतात. नव्या माणसाला वाटतं, काय हा रुबाब! ‘हे दुसरं’ भाकरीच्या परातीत उतरून ज्वारीच्या पिठाची पावलं थेट देवघरापर्यंत नेतं. गौरीच्या सणाला लक्ष्मीची पावलं काढणाऱ्या काकूंनी ती पाहिली आणि लाटणं उचललं. काका म्हणाले, “र्‍हाऊ दे. लेकरू हाय.”

एकदा त्यांनी खरोखरच मनावर घेतलं. नांदेडला बहिणीकडे देऊन यायचं म्हणून दोघांना झाकणाच्या टोपलीत घालून एसटीत बसले. अहमदपूरच्या स्टँडवर स्वतः चहा न घेता पिलांसाठी दूध शोधत हिंडले. नांदेडात बहिणीच्या दिवाणावर एक थोराड बोका आडवा पसरलेला. “हे कुणाचं गं?” तर बहीण म्हणाली, “कुणाचं न्हाई दादा, येतंय आपलं.” रक्तच एक. संध्याकाळच्या गाडीनं टोपली परत लातुरात. “गोदावरीचं पाणी मानवंना त्यांला,” काकांनी गल्लीला सांगितलं.

लातूरचं पाणी मात्र मानवलं. ते येतंच मुळी मांजरा धरणातून, तेव्हा त्यावर पहिला हक्क यांचाच. आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी काकांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांच्या हातून तांब्याभर पाणी सांडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तर बोक्या एका सकाळी दोनशे लिटरच्या काठोकाठ भरलेल्या ड्रमात पडला. काकांनी मागचापुढचा विचार न करता अख्खा ड्रम आडवा केला. अंगणातून, फाटकातून, रस्त्यावर पाणी. बोक्या भिजून उंदराएवढा झालेला. काकू बघतच राहिल्या. काका रिकाम्या ड्रमात डोकं घालून म्हणाले, “धुवायचाच होता.”

पण काका पुरते पकडले गेले ते डिसेंबरातल्या एका पहाटे. मध्यरात्री भांडी वाजली की आमच्या पिढीला घड्याळ बघावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी महिने आम्ही अंगणातच झोपलो. त्या पहाटेची थट्टा कुणी लातूरकर करणार नाही, मीही करत नाही. सांगायचं ते एवढंच की, शेजारी मांडणी कोसळली तेव्हा मीसुद्धा अंथरुणातून थेट रस्त्यावर आलो होतो. समोर बनियनवर काका, थंडीनं कुडकुडत. एका काखेत बोक्या, दुसऱ्या काखेत ‘हे दुसरं’.

घरात दिवा लागला. काकू दारात आल्या. “पालीमागं लागून मांडणी पाडली ह्यांनी, अन् भिऊन तुमच्याच पांघरुणात शिरले. भूकंप काखेतच हाय तुमच्या. या आत.” मग जरा थांबून, “मला हाक मारायला येळ नव्हता, ही दोघं बरी घावली!”

काकांनी क्षणभर विचार केला. मुनीम माणूस, हिशेब जुळवल्याशिवाय उठायचा नाही. “तू तर आपली हाईस,” ते म्हणाले, “ही लोकाची. लोकाच्या जिवाची जबाबदारी जास्त असती.”

जन्मभर एका पैशाचा फरक येऊ न दिलेल्या या माणसाची एकच नोंद चुकली. परवा काकूंनी बोक्याला उचलून पोटावरून हात फिरवला आणि हसत सुटल्या. बोक्या गाभण आहे. मांजरीचे दिवस दोन महिन्यांचे, म्हणजे पाडव्याच्या आसपास तीन-चार पिलं होतील. कुणाला हवं असेल तर आतापासून सांगून ठेवा, पण काकूंना. काकांना विचारलंत तर ते म्हणतील, आमची न्हाईत ती.