विनापदवीचे गिअर

प्रॉडक्ट डिझाइन शिकवणारं मुंबईच्या आयआयटीचं केंद्र १९६९ चं. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं. त्याआधी कोकण किनाऱ्यावरच्या अष्टागरातले सुतार बिचारे विनापदवीच रहाट बांधत होते. बैल गोल फिरतो, आडवं चाक फिरतं, त्याचे लाकडी दात उभ्या चाकात अडकतात आणि विहिरीचं पाणी पोफळीच्या मुळाशी जातं. पंच्याहत्तर टक्के हजेरी फक्त बैलाची भरत असे.

आता चौल-नागावच्या वाड्यांत पंप आलेत आणि रहाट उरलाच तर पर्यटकांच्या सेल्फीपुरता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं पोरगं तोच गिअर संगणकावर थ्रीडीत काढतं आणि ‘नावीन्यपूर्ण प्रकल्प’ म्हणून जाडजूड अहवाल बांधून देतं. दुसरा लाडका प्रकल्प म्हणजे नारळ सोलायचं यंत्र. ते परीक्षकांसमोर एकच नारळ सोलतं, तोही आधी सैल करून ठेवलेला. पदवी हाती आली की पोरगं पुण्याला, सॉफ्टवेअर कंपनीत.

वाडीतला पंप बंद पडला की हाक जाते ती शेजारच्या आयटीआयवाल्याला. तो अर्ध्या तासात पाणी सुरू करतो. त्याचं लग्न मात्र जमत नाही. मुलीकडच्यांना इंजिनिअर हवा असतो.